स्वतः शिवलं, स्वतःच उडी मारली!

पॅराशूट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खरं सांगा. आमच्या घरात तरी निळी बाटली येते. हिवाळ्यात ती बाटली गोठते, मग आई ती गॅसच्या शेजारी नाहीतर उन्हात ठेवते. आपल्या मराठवाड्यात पॅराशूट म्हणजे खोबरेल तेल. आकाशातून येणारं पॅराशूट आपण फक्त पिक्चरमध्ये बघितलंय, नाहीतर २६ जानेवारीला टीव्हीवर.

पण आज मला तुम्हाला त्या खऱ्या पॅराशूटबद्दल सांगायचंय. त्याहीपेक्षा ते शिवणाऱ्या एका बाईबद्दल. तिचं नाव केटे पाउलुस. जर्मनीची. पेशाने शिवणकाम करणारी, म्हणजे आपल्या भाषेत टेलर. सव्वाशे वर्षांपूर्वी ही मुलगी स्वतः शिवलेलं पॅराशूट घेऊन फुग्यातून उडी मारायची, आणि ते बघायला लोक तिकीट काढून यायचे.

आधी थोडा संदर्भ देते, नाहीतर सगळं हवेत राहील. १७९७ मध्ये आंद्रे-जाक गार्नरँ नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये मोठ्या फुग्यातून कापडी छत्रीच्या आधाराने उडी मारली. उतरताना तो घड्याळाच्या लंबकासारखा जोरजोरात झुलत होता. कारण छत्रीत कोंडलेली हवा कधी या कडेने, कधी त्या कडेने बाहेर पडत होती. पुढे छत्रीच्या अगदी वर मधोमध एक भोक ठेवलं गेलं आणि झुलणं बरंच कमी झालं. दोनच वर्षांनी, १७९९ मध्ये, जान लाब्रोस या बाईने अशीच उडी मारली. म्हणजे पॅराशूट आणि बाया हे समीकरण विमानाच्याही शंभर वर्षं आधीचं आहे, हे लक्षात ठेवा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रकार जगभर सर्कससारखा फिरत होता. आपल्याकडेही आला. १८८९ च्या सुरुवातीला पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज मुंबईत परळला फुग्यातून वर गेला आणि पॅराशूटने खाली आला. तिथून तो कलकत्त्याला गेला. तिथे रामचंद्र चटर्जी हा कसरतपटू त्याच्याकडून हे शिकला आणि १८९० मध्ये त्याने स्वतः उडी मारली. रामचंद्रबाबूंवर खरं तर वेगळा लेख व्हायला पाहिजे. पण आज केटे.

२२ डिसेंबर १८६८ ला तिचा जन्म झाला. माइन नदीच्या खोऱ्यातलं त्सेलहाउझेन नावाचं छोटं गाव, घरची परिस्थिती साधी. शाळेनंतर मुलीने काय करायचं? शिवण शिकायचं. ती शिकली आणि त्यावर पोट भरायला लागली. इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला तुमच्या गल्लीतल्या कोणाचीही वाटेल. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळांत नाहीतर नांदेडच्या वजिराबादेत अशा कितीतरी मुली मशीनवर बसलेल्या असतात.

मग तिच्या आयुष्यात हेर्मान लाटेमान आला. हा फुगे उडवणारा आणि पॅराशूटने उड्या मारणारा माणूस, त्या काळचा स्टार म्हणा. फुगा म्हणजे शेवटी कापडच. ते फाटतं, शिवण उसवते, ठिगळं लावावी लागतात. हे काम केटेकडे आलं. कामातून ओळख झाली, ओळखीतून प्रेम. दोघांचं लग्न ठरलं. एक मुलगाही झाला.

इथे मला एक गोष्ट भारी वाटते. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर शिवून दिलं, पैसे घेतले, खाली उभं राहून वर बघत टाळ्या वाजवल्या, एवढ्यावर थांबलं असतं. ही थांबली नाही. आपण शिवलेलं वर जाऊन नेमकं कसं वागतं हे तिला बघायचं होतं. १८९३ मध्ये तिने पहिली उडी मारली, तेव्हा तिचं वय होतं २४. तुमच्यामाझ्याएवढंच! तेव्हा बायकांचे घागरे घोट्यापर्यंत असायचे. असला घागरा घालून दोऱ्यांना लटकणं शक्यच नव्हतं. म्हणून तिने गुडघ्यापर्यंतची फुगीर विजार आणि उंच लेसचे बूट असा स्वतःचा ड्रेस ठरवला. स्टेजवरचं नाव घेतलं मिस पॉली. (२०१८ मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून विमानातून उडी मारली होती, आठवतंय? कासोटा घातलेली नऊवारी ही शेवटी विजारच की!)

आता शिवणकामाबद्दल थोडं. हे मला स्वतःला आधी कळत नव्हतं. माझी मावशी नांदेडला ब्लाऊज शिवते. मी तिच्याकडे मोबाइलवर जुन्या गोल पॅराशूटचा फोटो घेऊन गेले. तिने एक मिनिट बघितलं आणि सांगितलं, की ह्या तर परकराच्या कळ्या आहेत. बरोबर होतं! गोल पॅराशूट म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या एकमेकींना जोडून केलेला प्रचंड मोठा परकर. प्रत्येक जोडाची शिवण दुहेरी मुडपून घालतात, म्हणजे कापडाची कड आत दडपली जाते आणि धागे सुटत नाहीत. दोऱ्या या जोडांवरूनच जातात, कारण सगळा झटका तिथे बसतो. पुढे पुढे तर कळ्यांचं कापड उरेब कापायला लागले. म्हणजे कुठे फाटलंच तर चीर सरळ वरपासून खालपर्यंत न जाता शिवणीपाशी अडते. उरेब हा शब्द मला मावशीकडूनच कळला. चार वर्षं मास कॉममध्ये काढली, तिथे कुणी शिकवला नाही.

कापड बहुधा रेशमाचं असायचं. रेशीम हलकं, चिवट, आणि घडी घातली तर एवढंसं होतं. आपल्याकडे आता बरेच शेतकरी तुती लावून कोष काढतात. त्यांना सांगा, की पॅराशूटमुळे जीव वाचलेल्या वैमानिकांचा एक क्लब १९२२ मध्ये अमेरिकेत निघाला आणि त्याचं नाव ठेवलं कॅटरपिलर क्लब, म्हणजे अळीचा क्लब. रेशमाच्या अळीचे आभार म्हणून!

परत केटेकडे येऊ. आता जे सांगणार आहे ते लिहिताना मी दोनदा थांबले.

लाटेमानच्या डोक्यात एक नवीन कल्पना होती. फुगा वेगळा आणि पॅराशूट वेगळं कशाला? फुग्यातला गॅस वरच सोडून द्यायचा, आणि रिकामं झालेलं तेच कापड उलगडून छत्री बनेल. ऐकायला एकदम स्मार्ट. १७ जून १८९४ ला क्रेफेल्ड गावात दोघं वर गेले. केटेने आधी उडी मारली. तिचं पॅराशूट नीट उघडलं आणि ती हवेत तरंगत खाली येत होती. मग लाटेमानने गॅस सोडला. कापडाची छत्री व्हायला पाहिजे होती, ती झाली नाही. तो तिच्या डोळ्यांसमोर खाली गेला.

जरा विचार करा. ती दोऱ्यांना लटकलेली आहे. तिला ना वर जाता येतं, ना लवकर खाली. काहीच करता येत नाही. फक्त हळूहळू उतरायचं, आणि खाली काय बघायला मिळणार हे तिला आधीच माहीत आहे.

त्याच्या सामानाची शिलाई तीच बघायची. त्या दिवशी शिवण उसवली नव्हती, कल्पनाच फसली होती. पण हे स्वतःला पटवायला तिला किती रात्री लागल्या असतील? माझ्या फेअरवेलच्या ब्लाऊजला मावशीने एकदा बाही उलटी लावली होती. उसवली, परत लावली, अर्ध्या तासात विषय संपला. केटेच्या धंद्यात उसवून परत लावायची सोयच नव्हती.

त्यानंतर वर्षभरातच तिचा छोटा मुलगाही गेला. घटसर्प झाला होता. आज त्याची लस आपल्याला बाळ असतानाच टोचतात, म्हणून हा आजार आपण फक्त लसीकरणाच्या कार्डावर वाचतो. तेव्हा घरोघरी मुलं दगावायची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची केटे, आणि होणारा नवरा आणि मुलगा दोघंही नाहीत.

काही काळ ती या सगळ्यापासून लांब राहिली. मग परत वर गेली. का गेली, याची कारणं वेगवेगळे लोक वेगवेगळी लावतात: पोटाचा प्रश्न, त्याची आठवण, हट्ट. मला त्यात पडायचं नाही. तिला दुसरं काही येत नव्हतं असं मात्र म्हणू नका. शिवणकाम होतंच की हातात. मशीनवर बसून तिचं आयुष्य आरामात गेलं असतं.

आणि परत आल्यावर तिने जे केलं त्यामुळेच तिचं नाव आज घ्यावं लागतं. तोवरचं पॅराशूट फुग्याच्या शेजारी लांबच्या लांब लटकत असायचं. वाऱ्याने फडफडायचं, दोऱ्यांचा पीळ पडायचा. संक्रांतीला मांजाचा गुंता सोडवत बसलेल्या प्रत्येकाला कळेल मी काय म्हणतेय ते. केटेने पॅराशूट घडी घालून पिशवीत भरायला सुरुवात केली. साडीच्या निऱ्या काढतात तशा कळ्यांच्या एकावर एक निऱ्या, त्यावर दोऱ्या ओळीने लावलेल्या. पिशवी फुग्याला बांधलेली. माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने पिशवीतून आधी दोऱ्या ओढल्या जाणार, मग कापड, आणि शेवटी वरचं टोक बारीक दोरीने फुग्याला अडकलेलं असतं ती दोरी तुटणार. प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. नशिबावर सोडायचं ते जितकं कमी करता येईल तितकं तिने कमी केलं.

ही कल्पना जगात फक्त तिलाच सुचली असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत चार्ल्स ब्रॉडविकने पाठीवर बांधायचं पॅराशूट केलं. रशियात ग्लेब कोटेल्निकोव्हने १९११ मध्ये दप्तरासारखं केलं. शोध कुणाचा यावर भांडणं आहेत आणि राहतील. पण या मंडळींत स्वतःच्या हाताने कापड कापून, शिवून, निऱ्या घालून, मग त्याच पॅराशूटने शेकडो लोकांसमोर उडी मारणारी टेलर एकच.

तिची दुसरी करामत तर आजच्या रील्सवर पण व्हायरल होईल. एका पॅराशूटने उतरायला सुरुवात करायची, लोकांनी हुश्श केलं की ते पॅराशूट मधेच तोडून टाकायचं आणि थेट खाली पडायचं. लोक किंचाळायचे. मग दुसरं पॅराशूट उघडायचं! बघणाऱ्यांसाठी तो खेळ होता. पण आज कुठल्याही स्कायडायव्हरला विचारा. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर ते तोडून टाकायचं आणि राखीव उघडायचं, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. केटे तेच सव्वाशे वर्षांपूर्वी मुद्दाम करून दाखवत होती. पहिलं दगा देऊ शकतं, दुसरं पाहिजेच, हे तिला क्रेफेल्डनंतर वेगळं सांगायला नको होतं.

तिच्या नावावर ५१६ फुगा-उड्डाणं आणि दीडशेच्या आसपास उड्या सांगतात. पैसा मिळाला, नाव झालं. मग विमानं आली. लोकांना फुग्याची मजा वाटेनाशी झाली. असं होतंच.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. तोफांचा मारा बरोबर पडतोय का हे बघायला दोन्हीकडचं सैन्य मोठे फुगे केबलला बांधून वर सोडायचं. खाली टोपलीत एक-दोन माणसं, हातात दुर्बीण आणि टेलिफोन. फुग्यात हायड्रोजन. शत्रूच्या विमानाने आग लावणारी एक गोळी जरी मारली तरी खेळ खलास. टोपलीतल्या माणसाकडे काही सेकंद असायचे, आणि वाचायचा रस्ता एकच, पॅराशूट. टोपलीच्या बाहेर पिशवी लटकवलेली, माणसाच्या अंगावर पट्टे, उडी मारली की वजनाने ओढून उघडणार. ओळखीचं वाटतंय ना?

केटेने तिचं पॅराशूट जर्मन लष्कराला दिलं. बर्लिनच्या राइनिकेनडॉर्फ भागात तिने कारखाना काढला आणि तिथून सुमारे ७,००० पॅराशूट बाहेर पडली. मिस पॉलीचा तमाशा बघून हसणाऱ्या लोकांची पोरं आता तिच्या शिवणीवर लटकून जिवंत खाली येत होती. १९१७ मध्ये तिला युद्धकार्यासाठी सरकारी पदक मिळालं.

मला इथे थोडं अडखळायला होतं, ते पण लिहिते. तिच्या पॅराशूटने वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत वर जाऊन तोफांना निशाणा सांगायचा. म्हणजे इकडचा जीव वाचला, तिकडचे गेले. हिशेब कसा लावायचा? मला लावता आलेला नाही. आणि विमानाच्या पायलटांना तर युद्धाच्या शेवटच्या वर्षापर्यंत पॅराशूट मिळालंच नाही. जर्मन पायलटांना १९१८ मध्ये मिळायला लागलं, ब्रिटिश पायलट बिचारे युद्ध संपेपर्यंत तसेच लढले. वस्तू तयार असणं आणि ज्याला पाहिजे त्याच्या पाठीवर ती असणं यात किती अंतर असतं बघा.

युद्धानंतरचं पटकन सांगते, कारण सांगण्यासारखं फार चांगलं नाही. १९२३ मध्ये जर्मनीत महागाईने कळस गाठला, एका पावासाठी अब्जावधी मार्क मोजावे लागले. केटेने आयुष्यभर उड्या मारून साठवलेला पैसा त्यात वितळला. ज्या बाईने हवेत दुसरं पॅराशूट तयार ठेवलं, तिच्या बचतीला दुसरं पॅराशूट नव्हतं. २६ जुलै १९३५ ला बर्लिनमध्ये ती वारली. वय ६६. उडी मारताना नाही, साधं अंथरुणावर. दीडशे उड्या मारलेल्या बाईसाठी हाच मोठा विक्रम म्हणायला पाहिजे.

त्यानंतर पॅराशूट खूप बदललं. दुसऱ्या महायुद्धात रेशमाची जागा नायलॉनने घेतली. युद्ध संपल्यावर युरोपात कापडाची इतकी टंचाई होती, की मुलींनी जुन्या पॅराशूटच्या कापडाचे लग्नाचे झगे शिवले. त्यातले काही आज म्युझियममध्ये आहेत. १९६० च्या दशकात डोमिना जाल्बर्टने चौकोनी, गादीसारखे कप्पे असलेलं पॅराशूट आणलं. आजचे स्कायडायव्हर तेच वापरतात, कारण ते हवं तिकडे वळवता येतं. हौशी लोक आता आपल्या अंगाच्या मापाचे पट्टे आणि आपल्या आवडीच्या रंगाचं कापड ऑर्डर देऊन शिवून घेतात. म्हणजे फिरून गोष्ट मापं घेणाऱ्या टेलरपाशीच आली. आपल्या देशात कानपूरला १९४१ पासून पॅराशूटचा सरकारी कारखाना आहे, आणि तिथेही शेवटी काम शिलाई मशीनवरच चालतं. तेव्हा आयटीआयला शिवणकामाच्या ट्रेडला गेलेल्या मैत्रिणीला कुणी चिडवत असेल, तर त्याला कानपूरचा पत्ता द्या.

हा लेख लिहून झाल्यावर मी मावशीला केटेचा फोटो दाखवला. विजार, बूट, ताठ मान. मावशीने चेहऱ्याकडे फार बघितलं नाही. झूम करून ड्रेसच्या कडेची शिलाई बघितली. मग विचारलं, की घडी कोण घालायचं, ही स्वतः की दुसरं कोणी? मी म्हटलं, स्वतःच. मावशीने मान हलवली, मोबाइल परत दिला, आणि संध्याकाळी द्यायच्या ब्लाऊजची बाही लावायला घेतली. लावायच्या आधी तिने ती दोनदा उलटसुलट करून बघितली.